शेवटच्याला पहिला मान

आमच्याकडे डेट्रॉईटला फुटबॉलचे दोन मोसम असतात. एक सप्टेंबर ते जानेवारी, मैदानावरचा. दुसरा मार्च-एप्रिलमधला, कागदावरचा. बाकीच्या शहरांत पहिल्याचं कौतुक. आम्ही लायन्सवाले मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्यावरच जगलो. कागदावर कोणी हरत नाही ना!

(हा अमेरिकन फुटबॉल बरं का मंडळी, हातात चेंडू घेऊन एकमेकांवर आदळण्याचा.)

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येकात ५३ खेळाडू. पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा सगळ्यांना सारखीच. २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्यामुळे मालक कितीही गब्बर असला तरी सगळे हिरे एकट्याच्या खिशात घालू शकत नाही. मार्चच्या मध्यावर ज्यांचे करार संपले ते खेळाडू मोकळे होतात, जो जास्त देईल त्याच्याकडे जातात. ही फ्री एजन्सी. आणि एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना संघ पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्यांत. पहिली पाळी आदल्या वर्षी सगळ्यात तळाला राहिलेल्या संघाची, आणि विजेत्याची शेवटून. ड्राफ्ट १९३६ पासून चालत आलाय. ही कल्पना बर्ट बेल यांची. त्यांचा फिलाडेल्फियाचा संघ तेव्हा अर्थातच तळाला होता. गंमत म्हणजे त्यांनी निवडलेला इतिहासातला पहिलावहिला खेळाडू या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. थोडक्यात, मान पहिला मिळतो, पुढची हमी कोणी देत नाही.

२००९ च्या वसंतात आबा आमच्याकडे आले होते. आदल्या मोसमात लायन्सनी १६ पैकी १६ सामने हरून दाखवले होते. लीगच्या इतिहासात हे पूर्वी कोणाला जमलं नव्हतं. २५ एप्रिलला ड्राफ्ट होता आणि मी टीव्हीसमोर. आबांनी आयुष्यभर खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल पारखले. पोरं पळताहेत, त्यांची उंची, हात, पंजे मोजलेत, हे सगळं पडद्यावर बघून ते हरखलेच. "दात बी बघत्यात का रं?" म्हणाले. मी नियम सांगितला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी नापास झाला त्येला पयला नंबर. बरं हाय की. मग तुझ्या हापिसातली मानसं घरी बसवली, त्यास्नी पयलं कोन बोलावतंय?"

मला उत्तर देता आलं नाही.

तो काळच तसा होता. ड्राफ्टनंतर पाच दिवसांनी क्रायस्लर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जनरल मोटर्स. आमची गाड्यांचे सुटे भाग डिझाईन करणारी छोटी कंपनी. दर शुक्रवारी कोणीतरी खोका घेऊन लिफ्टकडे जाताना दिसायचं. आम्ही बरेचसे एच-वनबीवाले. नोकरी गेल्यावर ६० दिवसांची सवड देणारा नियम २०१७ मध्ये आला, तेव्हा तेवढीही नव्हती. शेजारच्या टेबलावरचा माझा सोलापूरचा मित्र मे महिन्यात गेला. नशिबाने ह्यूस्टनला लागला. माझी नोकरी वाचली. का वाचली, ते कोणी सांगितलं नाही.

लायन्सनी पहिल्या नंबरवर मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं होतं. एकही सामना खेळण्याआधी ४ कोटी १७ लाख डॉलरची हमी! तेव्हा नवख्यांच्या पगाराला वेसण नव्हती, ती २०११ च्या करारात आली. त्याआधीच आमच्याकडे कॅल्विन जॉन्सन (२००७), स्टॅफर्ड आणि डॉमिकन सू (२०१०) असे तिघं जुन्या भावाने आलेले. पुढे मर्यादेतला मोठा हिस्सा या तिघांवरच जायचा आणि उरलेल्यात पन्नासजण भागवायचे. २०१५ मध्ये सू मायामीला निघून गेला. स्टॅफर्डच्या बारा वर्षांत संघ तीनदा बाद फेरीत गेला आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात परतला.

मग २०२१ आलं. स्टॅफर्डला दुसरीकडे जायचं होतं. नवा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स याने त्याला लॉस एंजेलिसला दिलं आणि बदल्यात जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि तिसऱ्या फेरीची एक घेतली. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. हा गडी स्वतः २००८ च्या त्या संघात होता. दोघांनी बाजारातून तयार बैल आणण्याऐवजी गोठ्यात वासरं वाढवायची ठरवली. पनेई स्यूएल, मग एडन हचिन्सन. चौथ्या फेरीत, ११२ व्या नंबरवर, अमन-रा सेंट ब्राऊन. त्याच्याआधी त्याच्याच जागेवरचे सोळा जण निवडले गेले होते, आणि त्याला त्या सोळांची नावं आजही पाठ आहेत. पहिल्या वर्षी तीनच सामने जिंकले. स्टॅफर्ड तिकडे सुपर बोल जिंकला. इथली माणसं त्याच्यासाठी खरंच आनंदली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१४ जानेवारी २०२४ ला तोच स्टॅफर्ड पाहुणा संघ घेऊन डेट्रॉईटला आला आणि आम्ही २४-२३ असे जिंकलो. बाद फेरीतला ३२ वर्षांतला पहिला विजय. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ पुढे असून हरलो, ते असो.

त्याच एप्रिलमध्ये ड्राफ्ट आमच्या शहरात भरला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून जास्त माणसं आली. ज्या डाउनटाउनमध्ये २००९ साली संध्याकाळी कुत्रं फिरकत नसे, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या गर्दीत ह्यूस्टनहून खास आलेला माझा मित्र. अंगात स्टॅफर्डची जुनी निळी जर्सी, पोटावर ताणलेली.

"तुझ्याकडे टेक्सन्स आहेत की," मी म्हटलं.

"ते पोरांचे," तो म्हणाला. "पोरं तिथंच वाढली."

ज्या शहराने घालवलं तिथे हा पंधरा वर्षांनी स्वतःच्या खर्चाने आला होता. त्याला कोणी पहिल्या नंबरवर बोलावलं नव्हतं. लीगच्या ३२ मालकांना एक गोष्ट पक्की कळते. एकच संघ सतत हरत राहिला तर लोक बघायचे थांबतील आणि सगळ्यांचाच धंदा बसेल. म्हणून ते हरणाऱ्याला हात देतात. दानधर्म नव्हे, हिशोबच तो. पण तो हिशोब फक्त संघांपुरता. शुक्रवारी खोका घेऊन निघालेल्या माणसासाठी असा एप्रिल कोणी ठरवलेला नाही. आबांना आता हे उत्तर देता आलं असतं, पण ते राहिले नाहीत.

२०२४ च्या मोसमात लायन्सनी १५ सामने जिंकले, दोनच हरले, आणि मग घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१ असा मार खाल्ला. त्यामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आमची पाळी २८ वी. २००९ मध्ये पहिल्या काही मिनिटांतच आमचं नाव पुकारलं गेलं होतं. या वेळी रात्री उशिरापर्यंत जागावं लागलं. मित्राशी फोनवर बोलत जागलो.