यंत्राची वाचा

न्यायशास्त्रानें शब्द हा आकाशाचा गुण मानिला आहे, आणि वैयाकरणांनीं वाणीच्या परा, पश्यन्ती, मध्यमा व वैखरी अशा चार अवस्था कल्पिल्या आहेत. पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना या चार अवस्थांसाठीं मनाजोगा दृष्टांत आम्हांला कधीं सांपडला नाहीं. आंत सर्व सिद्ध आहे, बोलावयाचें तें ठरलेलें आहे, परंतु शेवटची वैखरी तेवढी उमटत नाहीं, असें उदाहरण आणावयाचें कोठून? तें आम्हांला २०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, परभणीस आमच्याच ओटीवर, एका मांडीवरच्या संगणकानें पुरविलें.

संगणक आमचा नव्हे, आमच्या एका विद्यार्थ्याचा. हा मुलगा गंगाखेड तालुक्यांतील गोदाकांठच्या खेड्यांतला, जन्मांध, वडील कापूस व सोयाबीन पिकविणारे. संस्कृत विषय घेऊन तो बी. ए. चा अभ्यास करितो, परीक्षा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. आठवड्यांतून दोनदां एस. टी. नें तो आमच्याकडे येतो. ज्याला दृष्टि नाहीं त्यानें संगणक घेऊन काय करावें, असा प्रश्न आमच्या मंडळींनीं पहिल्या दिवशीं विचारला होता. वाचकांपैकींहि कित्येकांच्या मनांत तो येईल, म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों.

एन. व्ही. डी. ए. नांवाचा एक कार्यक्रम आहे. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें तो २००६ सालीं आरंभिला व जेम्स तेह या दुसऱ्या अंध तरुणाच्या साह्यानें वाढविला. त्याला मूल्य पडत नाहीं. पडद्यावर जें जें अक्षर येईल तें तें हा कार्यक्रम मोठ्यानें वाचून दाखवितो. एक बाण-कळ दाबली कीं पुढचें अक्षर, दुसरी दाबली कीं पुढची ओळ. आमचा विद्यार्थी तो आवाज इतक्या वेगानें लावतो कीं आम्हांला त्यांतील एक शब्द उमगत नाहीं, आणि तो मात्र मध्येंच थांबवून, "सर, येथें ऱ्हस्व इकार पाहिजे," असें सांगतो. पत्र लिहिणें, पुस्तक वाचणें, बँकेचा हिशोब पाहणें, सर्व याच मार्गानें. यंत्रवाचकाचा मराठी उच्चार चालण्याजोगा आहे. संस्कृत श्लोक मात्र त्याच्या तोंडीं दिला कीं शब्दांतीचा अकार गिळला जातो आणि वृत्त मोडतें. म्हणून रघुवंशाचे नेमलेले श्लोक आम्हीं स्वतः म्हणून, अन्वय व अर्थासह, त्याच्या संगणकांत ध्वनिमुद्रित करून दिले आहेत. तात्पर्य, आम्हांला संगणकाचा आवाज ही एक सोय आहे. त्याला तो पडदा आहे, दिवा आहे, आणि पुस्तकहि तोच.

आतां मूळ गोष्ट. 'विंडोज १०' नांवाची कार्यप्रणाली २०१५ सालीं आली. तिला नेहमींप्रमाणें मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं थांबणार, हें आधींच जाहीर झालेलें होतें. तिच्यापुढची 'विंडोज ११' ही २०२१ पासूनच उपलब्ध होती, आणि विद्यार्थ्याचें यंत्र पुरेसें नवें असल्यामुळें तिच्या अटींत बसत होतें. महाविद्यालयांतील मित्रांनीं एका दुपारीं बसून प्रणाली बदलून दिली. अडीच तास काम चाललें. यंत्र पुन्हां सुरू झालें तें मुकें! ध्वनीच्या चित्रावर फुली, आणि आवाजाचें कोणतेंहि साधन बसविलेलें नाहीं असा मजकूर.

डोळस माणसाच्या घरीं असें झालें तर दोन दिवस गाणें ऐकूं येत नाहीं, एवढेंच. येथें प्रकार निराळा. संगणक चालू आहे, पंखा फिरतो आहे, कळा दाबल्या जात आहेत, परंतु आपण कोठें आहों हें त्याला सांगणारें कोणी नाहीं. प्रणालींत 'नॅरेटर' म्हणून एक अंगभूत निवेदक असतो, कंट्रोल, विंडोज व एंटर या तीन कळा एकदम दाबल्या कीं तो बोलूं लागतो. पण त्यालाहि कंठ तोच लागतो. ज्या साधनानें दुरुस्ती करावयाची तेंच साधन बिघडलेलें. परीक्षेला सोळा दिवस राहिले होते.

गांवांतील एका दुकानदारानें यंत्र पाहिलें आणि ध्वनीचा भाग जळाला आहे, मुख्य पाटी बदलावी लागेल, साडेआठ हजार रुपये पडतील, असा निकाल दिला. त्याचें नांव आम्ही लिहीत नाहीं. त्या वर्षीं सप्टेंबरांत मराठवाड्यावर अतिवृष्टि झाली, गोदावरी पात्र सोडून शेतांत शिरली, हें वाचकांस ठाऊक आहे. साडेआठ हजार रुपये त्या घरांत नव्हते आणि उसने मिळण्यासारखा तो हंगामहि नव्हता.

विद्यार्थी आमच्याकडे यंत्र घेऊन आला तो रडवेला असेल अशी आमची कल्पना होती. तो रागावलेला होता. "सर, सकाळपर्यंत बोलत होतें. प्रणाली बदलतांच त्याच घटकेला जळावें कसें?" काकतालीय न्याय वर्गांत त्याला आम्हींच शिकविला होता, फांदीवर कावळा बसावा आणि त्याच क्षणीं फळ पडावें असें घडतें खरें, परंतु प्रत्येक वेळीं तसेंच घडलें असें मानणें हें आळसाचें लक्षण आहे. त्याचें म्हणणें होतें कीं ध्वनीचा भाग शाबूत आहे, 'ड्रायव्हर' नाहीसा झाला आहे.

ड्रायव्हर या शब्दासाठीं 'सारथि' हा शब्द योजण्याचा मोह होतो, पण तो चुकेल. येथें रथ हांकणारा कोणी नाहीं. दोन परभाषिकांमधला दुभाषी आहे. आमचे वडील निजामी राजवटींत वाढले. कचेरीचा कारभार उर्दूंत, आणि खेड्यांतून येणारा कुणबी मराठी बोलणारा. कचेरीच्या पायरीवर अर्जनवीस बसलेला असे. कुणब्यानें आपलें गाऱ्हाणें सांगावें, अर्जनवीसानें तें साहेबाच्या भाषेंत व साहेबाला मान्य असलेल्या नमुन्यांत उतरावें, तेव्हां कोठें दाद लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, हळूहळू कारभाराची भाषा पालटली, आणि जुन्या अर्जनवीसाची लेखणी निरुपयोगी झाली. कुणबी तोच, गाऱ्हाणें तेंच, कचेरीहि पुष्कळ ठिकाणीं त्याच इमारतींत. मधला माणूस तेवढा बदलावा लागला. संगणकाच्या पोटांतील ध्वनीची चकती हा आमचा कुणबी. कार्यप्रणाली ही कचेरी. आणि ड्रायव्हर हा अर्जनवीस. राजवट बदलली कीं प्रत्येक भागासाठीं नव्या राजवटीची भाषा जाणणारा अर्जनवीस नेमावा लागतो. बहुतेक नेमणुका आपोआप होतात. एखादी राहून जाते.

परंतु नेमावयाचा कोणी? आम्हांला दृष्टि आहे, ज्ञान नाहीं. त्याला ज्ञान आहे, दृष्टि नाहीं. पंगु व अंध यांची सांख्यांची जुनी गोष्ट आम्हांला आठवली आणि जरा हसूं आलें, कारण त्या गोष्टींत वाट दाखविणारा डोळस असतो, येथें वाट दाखविणारा तो होता.

त्यानें प्रथम विचारलें, "सर, घरांत यू. एस. बी. चा हेडफोन आहे का?" आमच्या नातवाचा एक होता, २०२० सालीं शाळा घरांतून भरत असतांना घेतलेला. गोल खुंटीचा हेडफोन येथें चालत नाहीं, कारण तो त्याच मुक्या चकतीवर अवलंबून असतो. यू. एस. बी. चा हेडफोन स्वतःची ध्वनीची चकती स्वतःबरोबर घेऊन येतो. शिवाय अशा साधनांसाठीं उत्पादकांनीं एक सामाईक बोली ठरविलेली आहे, आणि ती बोली जाणणारा दुभाषी कार्यप्रणालींत आधींपासून बसलेला असतो. खुंटी लावली. तीन-चार सेकंद गेले. त्यानें हेडफोन कानाला लावून कळ दाबली, आणि त्याचा चेहरा पाहून आम्हांला कांहीं विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

त्यापुढें आमचें काम बहुतेक प्रेक्षकाचें. विंडोज व एक्स या कळा एकदम, मग एम, असें करून त्यानें 'डिव्हाइस मॅनेजर' उघडला. यंत्रांतील सर्व भागांची ती हजेरीपटासारखी यादी असते. एका नांवापुढें पिवळा त्रिकोण आम्हांला दिसला, त्याच वेळीं त्याला तो ऐकूं आला. नांव मोघम होतें, 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असें. परंतु प्रत्येक भाग आपल्या निर्मात्याचा अंक बाळगून असतो आणि 'प्रॉपर्टीज'मधील 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडलें असतां तो वाचतां येतो. तैवानमधील रियलटेकचा अंक १०ईसी, अमेरिकेंतील इंटेलचा ८०८६. (१९७८ सालीं इंटेलनें काढलेल्या प्रसिद्ध प्रक्रियकाचें नांवहि ८०८६ हेंच होतें.) एक गोष्ट येथेंच उघड झाली. जो भाग विचारल्यावर आपलें कूळ सांगतो तो जळून राख झालेला नसावा. दुकानदाराच्या निकालांतील हेतु येथें असिद्ध ठरला.

अंकावरून दुसरीहि गोष्ट कळली, आणि ती आम्हांला विशेष वाटली. अडलेली होती ती ध्वनीची चकती नव्हेच, तर तिच्यावरचा नियंत्रक. नियंत्रक मुका असला कीं त्याच्या पलीकडची चकती हजेरीपटावर येतच नाहीं. पुष्कळ लोक चकतीचा ड्रायव्हर पुन्हां पुन्हां बसवितात आणि तो लागत नाहीं म्हणून हताश होतात. कारण ज्याच्यासाठीं अर्जनवीस आणला तो कुणबी अद्याप वेशीच्या बाहेर उभा असतो. आधीं वेस उघडली पाहिजे.

ड्रायव्हर आणावा तो यंत्राच्या मूळ निर्मात्याच्या अधिकृत स्थळावरून. यंत्राच्या तळाशीं अनुक्रमांक असतो; तो बारीक टाइपांत असल्यामुळें पंचांगाचें भिंग आणून आम्हीं वाचून दाखविला. दृष्टीचा असा उपयोग दिवसभरांत हा एकच झाला. आधीं 'चिपसेट'चा संच, यंत्र पुन्हां सुरू, मग ध्वनीचा संच, यंत्र पुन्हां सुरू. 'विंडोज अपडेट'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्यें 'ऑप्शनल अपडेट्स' या सदराखालींहि कधींकधीं हवा तो ड्रायव्हर निजून असतो, तें पाहण्यास पैसा पडत नाहीं. कांहींच न मिळाल्यास 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' नांवाचा प्रणालीचाच सर्वसाधारण दुभाषी निवडतां येतो. तो अलंकार जाणत नाहीं, पण बोलतो. आणि हेंहि न साधलें तर प्रणाली बदलल्यापासून दहा दिवसांच्या आंत जुन्या प्रणालीवर परत जाण्याची वाट 'सेटिंग्ज'च्या 'रिकव्हरी' या पानावर ठेविलेली असते. ज्यांचीं मुलें पुण्यास किंवा परदेशीं आहेत आणि संध्याकाळीं पडद्यावर नातवंडांचा शब्द ऐकण्यासाठीं जीं घरें वाट पाहतात, त्यांनीं ही दहा दिवसांची मुदत लक्षांत ठेवावी. सर्व ड्रायव्हर एका दमांत फुकट दुरुस्त करून देतों, अशा जाहिराती शोधतांना पहिल्याप्रथम समोर येतात. विद्यार्थ्यानें त्या ऐकतांच पुढें ढकलल्या. त्यांतून दुरुस्तीपेक्षां नवी ब्याद घरांत येण्याचा संभव अधिक, असें तो म्हणाला, आणि दुकानदाराचा अनुभव ताजा असल्यामुळें आम्हांला तें तत्काळ पटलें.

दुसऱ्यांदा यंत्र सुरू झालें तेव्हां त्यानें हेडफोन काढून बाजूला ठेविला. क्षणभर कांहींच नाहीं. मग यंत्रवाचक आपल्या नेहमींच्या घाईनें बडबडूं लागला. विद्यार्थ्यानें तो बंद केला, रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गाचें ध्वनिमुद्रण शोधलें आणि लावलें. आमचाच आवाज ओटीवर दिलीप राजाची व नंदिनी धेनूची कथा सांगूं लागला. आमची मंडळी माजघरांतून बाहेर आल्या. "इतका वेळ गप्प बसलांत आणि आतां एकदम श्लोक?" असें म्हणत त्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आमचे ओठ मिटलेले होते.

चारच्या गंगाखेड गाडीची वेळ होत आली होती. त्यानें यंत्र आवरलें, चहा घेतला, आणि त्या दिवशींचा पाठ राहिला म्हणून गुरुवारीं तासभर लवकर येण्याची परवानगी मागितली. नातवाचा हेडफोन आम्हीं त्याच्या पिशवींत घातला. पुन्हां वेळ आलीच तर जवळ असलेला बरा. तो अद्याप त्याच्याकडेच आहे.