वीतभर मॅकेट

कला महाविद्यालयाच्या शिल्पकला विभागात सगळ्यांत कमी जागा अडवतं आणि सगळ्यांत स्पष्ट बोलतं ते मातीचं मॅकेट, म्हणजे मोठ्या शिल्पाआधी करायचा छोटा नमुना. फळीच्या तुकड्यावर तार, तारेवर शाडू, अंगाला ओलं फडकं आणि वरून प्लास्टिकची पिशवी. वार्षिक प्रदर्शन जवळ आलं की स्टुडिओतल्या टेबलांवर अशी गाठोडी दिसू लागतात.

त्यातलं हे एक, नऊ इंचांचं. फडकं सोडलं की आत बसलेला हमाल. गुडघे वर, हनुवटी छातीशी, पाठ गोल. घोट्यापाशी तार उघडी पडली आहे. नाक-डोळे नाहीत, बोटं नाहीत. तरी माणूस दमलाय हे दारातूनच कळतं. पाठीवर अंगठ्याचा एकच दाब आहे, आणि त्या एका दाबात दोन्ही खांद्यांमधला सगळा खळगा आला आहे.

घडवणाऱ्या मुलाला तो लाइफ साइज करायचाय. प्रदर्शनाच्या गर्दीत लहान काम कुणाच्या नजरेत भरणार, हा त्याचा सवाल. या ओढीला मोठी परंपरा आहे. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' पूर्ण मानवी आकारात, प्लास्टरमध्ये घडवली आणि त्या एका कामानं त्यांचं नाव झालं. पण तिच्याकडे पाहावं: नऊवारीच्या चुण्या, अंगाचा तोल, चालण्यातला संथपणा. एवढा आकार भरून काढण्याइतकं सांगण्यासारखं तिच्यापाशी होतं.

मॅकेट नेमकं हेच विचारतं. मूर्ती मोठी होते, अंगठा तेवढाच राहतो. नऊ इंचांवर जो दाब अख्खी पाठ सांगून गेला, तोच छत्तीस इंचांवर एखादी वळी होऊन बसेल. मग मधल्या जागेत काय भरणार? बरगड्या, मणके, ताणलेली कातडी... हे सगळं आता माहीत असावं लागेल. मॅकेटनं जे मोघम ठेवलं, त्याचा जाब मोठ्या आकारात द्यावाच लागतो.

हिशोबही ते लपवत नाही. उंची चौपट केली की आकारमान ६४ पट होतं. आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, तेवढं दणकट हवं, नाहीतर ओल्या मातीच्या भारानं पाठ रात्रीत खाली बसते. शिवाय साचा, प्लास्टर, उचलायला माणसं, दाराची रुंदी.

लाइफ साइजचा आणखी एक धोका आहे. फ्रेंच शिल्पकार रोदाँनं 'ब्रॉन्झ एज' माणसाच्या मापाचं केलं, तेव्हा १८७७ मध्ये त्याच्यावर जिवंत माणसावरून साचा काढल्याचा आळ आला. पुढचा 'सेंट जॉन' त्यानं मापापेक्षा मोठा घडवला. हुबेहूब माप आलं की बघणारा शिल्प सोडून माणसाशी तुलना करू लागतो. पाऊण मापाचं तर मला मुळीच पटत नाही. तो आकार खुजा माणूस वाटतो.

मापाचा निवाडा करायची या हमालाची रीत साधी आहे. त्याला डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दहा पावलं मागे या, मग चवड्यांवर बसून खालून पाहा. खालून पाठ डोंगरासारखी उठते. भव्यपणा आधीच आत आहे, तो फुटांनी आणायचा नाही, हे तेव्हा मुलाला दिसतं. खडूनं भिंतीवर उंच्या आखल्या जातात. छत्तीस इंचांची रेघ पुसली जाते, अठराची राहते. दुप्पट उंची, आठपट आकारमान. एवढी माती त्याला पेलेल, आणि जी पाठ अंगठ्यानं सांगितली ती तळहातानं सांगता येईल.

आता मॅकेट टर्नटेबलाशेजारी उभं राहील. मापं घेणाऱ्या कॅलिपरची टोकं पुन्हा पुन्हा त्याच्या गुडघ्याला, खांद्याला टेकतील, अंगभर टोचल्याच्या खुणा होतील. प्रदर्शनाच्या यादीत त्याचं नाव नसतं. माझं म्हणणं, असावं. मोठ्या हमालाशेजारी हा वीतभर हमालही टोचल्या अंगानिशी मांडावा. हेच माप का, हे लोकांना तोच समजावून सांगेल.