धाकट्याची खोली

नांदूरघाट, ता. केज

चि. मयूरीस,


प्रकल्पासाठी कोणत्या आर्किटेक्टवर लिहू, असं विचारलंस. बाळकृष्ण दोशींवर लिही. २०१८ साली, नव्वदीत, त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं. त्याआधी ते कुणाही भारतीयाला मिळालं नव्हतं. पण वर्गातले सगळे तिथूनच सुरुवात करतील. तू इंदूरच्या अरण्य वसाहतीपासून कर.

आपल्या गावातल्या माणसाला ती वसाहत समजावून सांगावी लागत नाही. इथला ऊसतोडीचा कोयता दसरा-दिवाळीला साखर कारखान्यांकडे जातो आणि उन्हाळ्यात परततो. मुकादमाची उचल फिटून हाती काही उरलं, तर त्या साली जोतं. पुढं कधीतरी भिंती, वर पत्रे. पोराचं लग्न निघालं की स्लॅब. आणि स्लॅबच्या वर कॉलमचे गज तसेच उभे. शहरातला पाहुणा त्याला अर्धवट काम म्हणतो. मालकाला विचार, तो म्हणेल, ती धाकट्याची खोली आहे.

दोशींनी ऐंशीच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी अरण्य आखली, साधारण साडेसहा हजार प्लॉटची. त्यात अगदी गरिबाला पुरं घर दिलंच नाही. जोतं, नळ, संडास, फार तर एक खोली. पुढचं ज्यानं त्यानं जमेल तसं बांधावं. ओटे, जिने, गच्च्या कशा जुळवता येतात हे दिसावं म्हणून ८० घरं नमुन्याची बांधली. राहणाऱ्यांनी पुढं त्यातही हवे ते फेरफार केले. एवढा मोठा माणूस, आणि आपली रेघ दुसऱ्याला मोडू देतो! मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. १९९५ मध्ये अरण्यला आगा खान पुरस्कार मिळाला.

बाकीचं चरित्र तुला पुस्तकात सापडेल. जन्म १९२७ चा, पुण्यातला. घरचा धंदा फर्निचरचा, कुटुंब एकत्र, माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं घर. माझ्या मते अरण्यचं मूळ तिथंच आहे. जे. जे. नंतर पॅरिसला ल कार्बुझिए यांच्या हाताखाली, पहिले आठ महिने बिनपगारी. कार्बुझिएंच्या अहमदाबादच्या इमारतींवर देखरेख करायला आले आणि तिथलेच झाले. १९६२ मध्ये तिथं आर्किटेक्चरचं विद्यालय काढलं. जानेवारी २०२३ मध्ये गेले.

आता आपल्याकडच्या घरकुलाकडे बघ. किमान २५ चौरस मीटर, मैदानी भागाला मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही बांधकामाचा टप्पा बघून हप्त्यानं. सरकारलाही घर टप्प्यानं होतं हे कळतं; फक्त शेवटच्या हप्त्यानंतर पुढची खोली कुठं निघेल, हे कुणी विचारत नाही. गावठाणात बाजूला हातपाय पसरायला जागा नाही, म्हणजे वरच जायचं. त्यासाठी पाया पहिल्यापासून दोन मजल्यांचा धरावा लागतो आणि जिन्याची जागाही आधीच ठरवावी लागते. खर्च नेमका तेव्हा वाढतो, जेव्हा खिशात काही नसतं. दोशींकडे निदान मोकळी जमीन होती.

या कोड्यावर चार पानं लिहिलीस तर मला वाचायला पाठव. आणि दिवाळीत नको, वैशाखात ये. टोळ्या परतलेल्या असतात, गवंडी कामावर असतात. मोजपट्टी घेऊन दारोदार फिरू. किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीचं माळवद सोडून लोक पत्र्याकडे कसे वळले, तेही म्हाताऱ्यांकडून ऐकून घे.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा