रिकाम्या फाइलीपासून

पुणे

चि. ओंकार,


वेब प्रोग्रॅमिंगच्या कोर्सचे सगळे व्हिडिओ बघून झाले, पण रिकामी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही, असं तू कळवलंस. आता पुढचा कोर्स कोणता करू, असंही विचारलंस. माझं ऐकशील तर सध्या कोणताच नको. शिकवणारा जिथे अडला, ते व्हिडिओतून कापलेलं असतं. आपल्या धंद्यात शिकायचं असतं ते नेमकं तिथेच.

ताईच्या डब्यांच्या व्यवसायासाठी एक पान कर. आजची भाजी, दर, फोन नंबर आणि किती डबे हवेत ते टाकलं की रक्कम दाखवणारी चौकट, एवढंच. फ्रेमवर्कच्या नादी लागू नकोस. एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट पुरे.

कामाला लागलास की अडचणी आपणहून येतील. यूटीएफ-८ जाहीर करायचं राहिलं, तर 'मटकीची उसळ'च्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवलंस, तर शिरोरेखा तुटेल. सकाळचे २ आणि संध्याकाळचे ३ डबे मिळवलेस, तर ५ ऐवजी २३ येतील. चौकटीतून हाती येतो तो मजकूर असतो, आकडा नव्हे. तो आकड्यात बदलून घेतलास आणि एखाद्या गिऱ्हाइकाने मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडा टाकला, की रकमेच्या जागी 'एनएएन' (NaN), म्हणजे 'आकडा नाही', असं दिसेल. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. हा धडा इंग्रजी कोर्सात क्वचितच मिळतो. गिऱ्हाईक फुकट देतं.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या तिघींचे स्वभावही ओळखून ठेव. एचटीएमएलमध्ये टॅग बंद करायचा राहिला, तर ब्राउझर आपल्या मनाने डागडुजी करून पान दाखवतो. सीएसएसमध्ये स्पेलिंग चुकलं, तर ती ओळ मुकाट्याने सोडून देतो. जावास्क्रिप्ट मात्र अडली की कन्सोलमध्ये लाल अक्षरांत, ओळीच्या क्रमांकासह तक्रार नोंदवते. म्हणून पान नीट दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नकोस. एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडीच ठेव आणि ब्राउझरला तुझा कोड कसा समजला, ते तपासत जा.

चूक सापडेना, तर लगेच एआयकडे धावू नकोस. काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि कशामुळे झालं असावं, हे आधी वहीत लिही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघ. अंदाज चुकला तरी चालेल, पण अंदाजच न बांधता मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी आठवत नाही. एवढं करून अडलास तर खुशाल विचार. तेव्हा प्रश्न तरी नेमका असेल.

दुसऱ्यांची पानं उघडून बघण्यातूनही शिकता येतं. वेबचे निर्माते टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. त्यात पानं वाचता यायची, तशी लिहिताही यायची. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं तंत्रज्ञान सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. आजही आवडलेल्या पानाचा सोर्स उघडून ते कसं बांधलंय, हे बरंचसं बघता येतं. तेही कर. फक्त बघून झालं की ती खिडकी बंद कर आणि तसंच काहीतरी आपल्या हाताने लिही.

पान उभं राहिलं की ताईच्या हातात तिचा फोन दे आणि शेजारी गप्प बस. ती कुठे थांबते, काय विचारते, ते टिपून घे. पुढच्या आठवड्याचा अभ्यासक्रम त्यातूनच ठरेल.

रविवारपर्यंत मला फाइल पाठव. अर्धवट चालेल, दिसायला ओबडधोबड चालेल. मात्र त्यातली प्रत्येक ओळ तिथे का आहे, हे तुला सांगता आलं पाहिजे.

तुझा,
मामा