उसाच्या कडेने, नातवंडांचा हात धरून

जुन्नरच्या मुलखातील दोन थोर स्थाने माय-लेकरांची आहेत. शिवनेरीवर १६३० साली जिजाऊंच्या पोटी शिवराय जन्मले. समोरच्या डोंगरातील लेण्याद्रीचा गणपती तर ‘गिरिजात्मज’, म्हणजे पार्वतीचा पुत्र, याच नावाने पुजला जातो. दिवाळीच्या सुटीत नातवंडांना घेऊन लेण्याद्री, ओझर आणि पुढे आंबेगावातील डिंभे धरणापर्यंत जाण्याचा बेत आपल्या घरीही ठरत असेल. तो अवश्य पार पाडावा. मात्र या वाटांवर लहान मूल हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नये.

यामागचे कारण दुतर्फा उभ्या असलेल्या उसात आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्याने येथील शेती बागायती झाली. वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ उभा राहणारा ऊस बिबट्याला जंगलासारखाच आडोसा देतो. पाणी जवळ, कुत्री-शेळ्यांची शिकार जवळ. मादी पिल्लांना जन्मही उसातच देते. हिवाळ्यात तोडणी सुरू झाली, की हा आडोसा नाहीसा होतो आणि बिबटे जागा बदलू लागतात. आपली सहल नेमकी याच दिवसांत निघते.

बिबट्या सहसा माणसाला टाळतो. तथापि वाकलेली, बसलेली किंवा मुळातच ठेंगणी आकृती त्याला भक्ष्यासारखी भासू शकते. दोन-तीन वर्षांचे मूल उभे असले तरी ठेंगणेच. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशा हल्ल्यांत मुलांचे प्राण गेले. त्या घरांचे दुःख आठवले, म्हणजे सावधपणाला कोणी भित्रेपणा म्हणणार नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. पाऊलवाटेने जाताना एक मोठे माणूस पुढे, एक मागे आणि मूल मध्ये असावे. मुलाला लघवीला बसवायचे झाल्यास उसाच्या कडेला नेऊ नये. मोकळी जागा पाहावी आणि शेजारी उभे राहावे. जेवणाची चटई शेताच्या बांधावर न पसरता वर्दळीच्या ठिकाणी पसरावी. गप्पा मोठ्याने माराव्यात. माणसांची चाहूल लागली, की बिबट्या बहुधा स्वतःच दूर होतो. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. अंधारात अंगणातही मुलाला एकटे सोडू नये.

बिबट्या दिसलाच, तर पळू नये आणि पाठ फिरवू नये. त्याच्याकडे तोंड ठेवूनच मुलाला उचलून छातीशी धरावे, मोठ्याने ओरडावे आणि सावकाश मागे सरावे. आपले गुडघे दुखत असतील, तर उचलण्याचे काम कोणाचे, हे गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवावे. सोबत काठी असावी. ती उंच धरल्याने आपली आकृतीही मोठी दिसते. त्यानंतर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात आणि तेथे माकडे पुष्कळ. मुलाच्या हाती खाऊ देऊ नये. माकडाने ओरखडले वा चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चढताना मूल भिंतीच्या बाजूला आणि आपण दरीच्या बाजूला असावे. दम लागला, तर मुलाचा हात आधी दुसऱ्याच्या हाती द्यावा, मगच बसावे.

या दोन तालुक्यांतील आजी-आजोबा नातवंडांना रोज असेच सांभाळतात. संध्याकाळ झाली, की अंगणातून हाक जाते आणि मुले घरात येतात. आपण तेथे दोन दिवसांचे पाहुणे; तेवढे दिवस तरी त्यांची ही रीत आपलीशी करावी.