चोर घरातच

ताई भोपाळला सासरी, धाकटा पुण्यात. रात्री लॅपटॉपवर दोघं एकत्र खेळायची, तेवढीच भेट. पण नऊच्या सुमारास याचा खेळाडू जागीच थिजायचा. ‘कंटाळलास ना माझ्याबरोबर?’ ताई रुसली. इंटरनेट कंपनीला शिव्या घालून झाल्या. (ते सोपं असतं.) मग त्यानं घरच्याच राउटरला ‘पिंग’ करून पाहिलं. शंभरातली तीस पॅकेट्स गहाळ! म्हणजे चोर घरातच. तेवढ्यात स्वयंपाकघरात ‘टिंग’ वाजलं आणि गळती थांबली. उशिरा येणाऱ्या बाबांसाठी आई आमटी गरम करीत होती. मायक्रोवेव्ह आणि त्याचं वायफाय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालणारी. आईला काय सांगणार? त्यानं राउटरपासून केबल ओढली आणि ताईला सगळं सांगितलं. पहिला डाव संपल्यावर तिनं विचारलं, ‘बाबांनी आज आमटी गार खाल्ली का रे?’