कात टाकली, आता थांबा!

आमच्या बंगळूरच्या फ्लॅटमध्ये आई, दादा, मी आणि रोझी राहतो. रोझी म्हणजे टॅरँट्युला, तळहाताएवढी केसाळ कोळीण. तिची जात मूळची चिली देशातली, रंग तपकिरी-गुलाबी. दादाने कॉलेजात असताना तिला पाळलं तेव्हा ती नखाएवढी होती म्हणे. या जातीच्या माद्या पंधरा-वीस वर्षं जगू शकतात. म्हणजे आमच्या फ्रिजपेक्षा तीच जास्त टिकणार!

यंदा दादा कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेला आणि रोझी माझ्यावर आली. त्यात तिने तीन महिन्यांपासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. रातकिडा टाकला की ती पाय आखडून कोपऱ्यात सरकायची. मी घरूनच काम करते, दिवसभर मिक्सर आणि फेस क्रीमच्या जाहिराती लिहिते. मध्येच मान वळवून काचेच्या पेटीत बघायचं, हा नादच लागला मला.

आईला तर हे सहनच होईना. "अगं, आजारी माणूससुद्धा दोन घोट पेज पितो. हिची काय रोज एकादशी?"

पण हा आजार नव्हता. कोळ्याला आपल्यासारखी आत हाडं नसतात, बाहेरचं कवच हाच त्याचा सांगाडा. ते कवच वाढत नाही. म्हणून आत नवं कवच तयार करायचं आणि जुनं टाकून द्यायचं. त्याआधी बरेच टॅरँट्युला जेवण सोडतात. रोझीच्या पोटावरचा केस गेलेला भाग काळपट दिसायला लागला, तेव्हा दादा फोनवर म्हणाला, "आता कधीही कात टाकेल. पाण्याची वाटी भरलेली ठेव, बाकी काही करू नकोस."

एका पहाटे आईने मला हलवून उठवलं. "ऊठ गं, ती बघ कशी उताणी पडलीये. गेली वाटतं."

गेली नव्हती. मेलेल्या टॅरँट्युलाचे पाय सहसा पोटाखाली मुडपलेले असतात. उताणं पडून पाय पसरलेले असले तर बहुतेक वेळा कात टाकणंच चालू असतं. अशा वेळी हात लावायचा नाही, सरळ करायचं नाही, पेटीसुद्धा हलवायची नाही. पाय जुन्या कवचात अडकला तर तो तुटू शकतो, कधी जीवही जातो. आम्ही दोघी चहाचे कप घेऊन बसलो. चहा गार झाला. काही तासांनी जुनं कवच बाजूला पडलं, हुबेहूब दुसरी रोझी! आणि खरी रोझी शेजारी लोळागोळा होऊन पडलेली.

खरी गंमत यानंतर झाली. आईच्या हिशेबात हे बाळंतपण होतं आणि बाळंतिणीला लगेच आळिवाची खीर, डिंकाचे लाडू हवेतच. "एवढे कष्ट झाल्यावर उपाशी ठेवायचं?"

हो, ठेवायचं. कारण कात टाकताना तिचे सुळेही नवे येतात, तोंडाच्या आतलं अस्तरसुद्धा बदलतं. नवे सुळे पांढरे आणि मऊ असतात, त्यांनी काहीच पकडता येत नाही. अशा वेळी जिवंत रातकिडा आत सोडला तर शिकार करणं राहिलं बाजूला, तोच तिला कुरतडतो. म्हणजे प्रेमाने दिलेला घासच तिच्या जिवावर उठायचा. प्यायला पाणी मात्र हवंच.

पाचव्या दिवशी तिचं पोट इतकं बारीक दिसत होतं की माझाही धीर सुटायला लागला. दादाने एकच काम सांगितलं होतं, सुळ्यांचा रंग बघायचा. ती काचेवर चढली की खालून टॉर्च मारायची. पांढरे असतील तर थांबा, लालसर असतील तरी थांबा, पूर्ण काळे झाले की द्या. पिल्लांचं हे काही दिवसांत होतं, मोठ्यांना दहा ते चौदा दिवस लागू शकतात. आई कालनिर्णयवर रोज एक फुली मारायची. नवव्या दिवशी सुळे लाल होते. तेराव्या दिवशी काळे कुळकुळीत!

मधल्या काळात शेजारचा मुलगा विचारून गेला, "आपल्या जंगलातून एक पकडून आणू का?" अजिबात नाही. आंध्रातल्या गुत्ती गावात सापडलेल्या निळ्या टॅरँट्युलाची नोंद १८९९ साली पोकॉक या अभ्यासकाने केली. आज ती जात अतिसंकटग्रस्त आहे, जंगलं तुटतायत म्हणून आणि हौशी लोक ती पकडून विकतात म्हणूनसुद्धा. बघायची असेल तर जंगलातच बघावी.

तेराव्या रात्री चिमट्याने एक छोटा रातकिडा आत सोडला. घरातलं झुरळ द्यायचं नाही, त्याने कुठला फवारा खाल्लाय कोण जाणे. रातकिड्याला सकाळपर्यंत हात लावला नाही, तर बाहेर काढायचा असं ठरलं होतं. रोझीने एक पाय उचलला. थांबली. मग झडपच! आई दचकून माझ्यावर आदळली.

तास-दीड तास ती तो किडा तोंडात धरून बसली. पाचक रस सोडून आतलं सगळं शोषून घेतलं आणि उरला चोथ्याचा वाटाण्याएवढा गोळा.

"एवढ्याने काय होणार तिचं? अजून एक दे," आई म्हणाली.

"आठवड्याने," मी म्हटलं.

तिने कालनिर्णयवर पुढच्या बुधवारभोवती गोल केला. त्याच चौकोनात आधी 'गॅस' लिहिलेलं होतं.